काही वाटेनासं झालं तो दिवस: गावातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचे अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी ९ वर्षं वैद्यकीय अधिकारी होते. कापसाचा पट्टा. ओपीडी, बाळंतपणं, सर्पदंश आणि पोस्टमार्टेम, सगळं एकाच माणसाकडे.

एका दुपारी फवारणीचं औषध प्यायलेल्या शेतकऱ्याचं पीएम आलं. पंचनाम्यात कपडे तपासताना त्याच्या सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद निघाला. अक्षर माझं होतं. बीपीच्या गोळ्या, महिनाभराच्या, आणि खाली ‘पुढच्या मंगळवारी दाखवा’. तो मंगळवार होऊन गेला होता. मी कागद शिपायाच्या हातात दिला आणि मनात आलं, चारच्या आत रिपोर्ट जायला हवा. बस, एवढंच. हात धुतले, डबा खाल्ला. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याचा चेहरा आठवायला गेले, तर आठवेना. त्या रात्री मी घाबरले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामावरून मन उडणं किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही असं वाटणं. माझं मन उडालं होतं, आणि तीन वर्षं मी त्याला अनुभवाने आलेला कणखरपणा समजत होते. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, मन मरणं.

आशाताई, सिस्टर, एमपीडब्ल्यू (गावोगाव फिरणारे आरोग्य सेवक), सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), लॅबवाले, गाडीचे चालक, सगळ्यांना विनंती आहे. आपल्याला काही वाटेनासं झालंय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं, ते लिहा. गावाचं, केंद्राचं, साहेबांचं नाव नको. भाषा जी तोंडात आहे ती चालेल.

आशा, अकोला जिल्हा

मॅडम, आमच्या बोलीत लिहितो, राग मानू नका. बाळंतपन दवाखान्यात झालं का आमाले घरी ६ भेटी द्या लागतात. ३, ७, १४, २१, २८ अन् ४२ वा दिवस. वजन करा, ताप पाहा, बेंबी पाहा, आई दूध पाजते का ते पाहा. ६ भेटी झाल्या का २५० रुपये. पैशासाठी रडत नाई मी, पन हिशेब मालूम असावा म्हनून सांगतलं.

एक पोरगी झाली, १ किलो ७०० ग्रॅमची. ते जगलीच पाहिजे असं मनात घेतलं होतं मी. भेटीचा दिवस नसला तरी रोज जाओ. आईच्या छातीले पोरगी बांधून ठेवा लावो, झबल्यावर टोपी घाला लावो. वजन वाढत होतं. तेराव्या दिवशी दूध पेनं सोडलं तं मीच गाडी बोलावली. रातच्यानं दवाखान्यातच जिवानं गेली ते. सकाळी घरी येऊन चूल पेटवली तं फोन वाजला. मले वाटलं, कोनी इचारते का काय झालं म्हनून. तं निरोप होता का तुमचा १४ व्या दिवसाचा फॉर्म पेंडिंग हाय.

त्यानंतर एक महिना मी त्या गल्लीत गेली नाई. दुसऱ्या रस्त्यानं फिरून जाओ. बाकी काम सगळं करे, पन कोनाच्या लेकराले हातात घेतलं तरी काई वाटे नाई.

अजून एक सांगतो. शेतकऱ्याइच्या आत्महत्येपायी शासनाचा प्रेरणा प्रकल्प आला २०१५ मंधी. त्यात आमी घरोघरी जाऊन इचारतो, झोप लागते का, जेवन जाते का, जगून काय फायदा असं वाटते का. एका घरी हे इचारता इचारता मीच रडली. त्या घरच्या म्हातारीनं माह्या हातातला कागद बाजूले ठेवला अन् पानी देल्लं.

आरोग्य सेविका, वाशीम जिल्हा

उपकेंद्र ५००० लोकांमागे एक, आदिवासी भागात ३००० मागे एक, असा नियम आहे. शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर गेली तेव्हापासून माझ्याकडे दोन्हीचा चार्ज आहे, ‘तात्पुरता’. त्याला दोन दिवाळ्या झाल्या.

लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी व्हॅक्सिन कॅरिअर (लसींचा थंड डबा) येतो, आत चार आईस पॅक. गोवर-रुबेलाची कुपी एकदा मिसळली की ४ तासांत संपवायची किंवा टाकायची. लेकरं रडत असतात, आणि मी अंगणवाडीच्या ओट्यावर फोन उंच धरून रेंज शोधत असते. आभा कार्ड (डिजिटल आरोग्य ओळखपत्र) काढायचं तर ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जातो, आणि नवरा पुण्याला कामावर. तो साइटवर फोन उचलेपर्यंत बाई उन्हात उभी. रजिस्टरात लिहायचं, पोर्टलवर भरायचं, टॅलीशीट करायची, वर सत्राचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

मला कळलं तो दिवस सांगते. गरोदर मातांची तपासणी चालली होती. एकीचं बीपी १५०/१०० आलं. मी ते लिहिलं, ‘पुढची’ म्हणून हाक मारली आणि पुढचीच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. पहिली बाई अंगण ओलांडून फाटकापाशी पोचली तेव्हा तो धोक्याचा आकडा माझ्या डोक्यात शिरला. पट्टा तसाच टाकून पळाले. तिला बसवून पुन्हा बीपी घेतलं, तेवढंच आलं. लघवीत प्रोटीन होतं. तिला लगेच पुढे पाठवलं, पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. पण वीस वर्षांत माझा डोळा बाईवरून सुटला नव्हता, त्या दिवशी सुटला. फाटकापर्यंतची ती वीस पावलं मला अजून स्वप्नात दिसतात.

एमपीडब्ल्यू, गडचिरोली

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे पेपरात येतं. आमच्या भागात नाले आहेत, त्यांची बातमी होत नाही. तापाच्या प्रत्येक माणसाची आरडीटी (मलेरियाची झटपट रक्त चाचणी) करायची, व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की माणूस रानात निघून जातो, गोळ्या झोपडीच्या कुडात खोचलेल्या सापडतात. मला इथली माडिया बोली कामापुरती येते. मनातलं बोलण्याइतकी येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने मी मनातलं बोलतच नाही.

पावसाळ्यात थकवा जाणवत नाही. पाणी ओसरतं, नोव्हेंबरात जरा मोकळीक मिळते, तेव्हा सकाळी उठून बूट घालावेसे वाटत नाहीत. तासतासभर खाटेवर बसून राहतो.

समुदाय आरोग्य अधिकारी, बुलडाणा जिल्हा

मॅडम, आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मन मरतं हे खरं आहे. पण आपण नुसतं मनाविषयी बोललो की वरून एक दिवसाचं योगशिबिर येतं, आणि त्याचाही फोटो अपलोड करावा लागतो. आमच्या पगाराचा एक भाग कामगिरीच्या निर्देशांकांवर मिळतो. किती जणांची शुगर तपासली, किती टेलिकन्सल्टेशन (दूरच्या डॉक्टरांचा ऑनलाइन सल्ला) झाले, हे मोजलं जातं. एका पॅरालिसिसच्या बाबांकडे मी आठवड्यातून दोनदा जातो, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग करतो. जखम भरत आली आहे. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. वडील वारले तेव्हा मला पाचव्या दिवशी परत यावं लागलं, कारण जागेवर दुसरं कोणी नव्हतं. आम्हाला रजेच्या वेळी बदली माणूस द्या. रिक्त पदं भरा. बाकीचं बरंचसं आपोआप हलकं होईल.

१०२ रुग्णवाहिकेचा चालक, अमरावती जिल्हा

मेळघाटच्या घाटात रात्री गाडीतच बाळंतपण झालंय माझ्यासमोर, दोनदा. आशाताईंनी केलं, मी टॉर्च धरला. गाडी धुवायचं काम माझंच. पहाटे नळाखाली गाडी धुताना कोणी येऊन ‘चहा घेतला का’ म्हणालं तरी बरं वाटतं.

एका सिस्टरचा नवरा

मी आरोग्य खात्यात नाही, शेती करतो. चालत असेल तर लिहितो. पहिले पहिले ती घरी येऊन सगळं सांगायची. कोणाला मुलगा झाला, कोणाची सासू भांडली. नंतर सांगणं बंद झालं, मला वाटलं सवय झाली असेल. यंदा अक्षयतृतीयेला आमची मुलगी तापाने फणफणली, तर ही परक्यासारखी थर्मामीटर लावून, आकडा सांगून आत गेली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला नोकरी सोड म्हणणार नाही, तिचा जीव आहे त्या कामात. पण तिच्याशी काय बोलू, हे इथल्या कोणी बाईने सांगितलं तर उपकार होतील.

वैद्यकीय अधिकारी (धागा सुरू करणारी)

दादा, तिला उपाय सांगू नका. पहिल्यासारखं नुसतं विचारा, आज कोणाकडे गेली होतीस. उत्तर आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. मी स्वतः लावला आहे.

बुलडाण्याच्या भावाचं म्हणणं मला पटलं. रिक्त जागा माझ्या हातात नव्हत्या. पण बालमृत्यूच्या चर्चेची बैठक माझ्या हातात होती, आणि ती मी वर्षानुवर्षं ‘भेट कधी दिली, नोंद कुठे आहे’ इथून सुरू केली. कितीतरी आशाताई त्या खुर्चीवर पदर मुठीत धरून बसल्या असतील. शेवटच्या दोन वर्षांत मी पद्धत बदलली. मृत्यू झाला की त्याच दिवशी त्या आशाताईच्या घरी जायचं, रजिस्टर न नेता. त्याला फार तर अर्धा तास लागायचा. हे आधी का सुचलं नाही, याची खंत मला आहे.

अकोल्याच्या ताई, तुमच्याकडे तेव्हा कोणी आलं नाही, याबद्दल आमच्या सगळ्यांच्या वतीने माफी मागते. त्या बाळाच्या आईकडे नंतर जाणं झालं का?

आशा, अकोला जिल्हा

गेली मॅडम. तिनंच बोलावलं. दिवस गेले तिले, तिसरा महिना हाय. नोंद मीच केली, अन् वजनकाटा तिच्या घरीच ठेवून आली.