वाह निवडताना आधी फझ कुठे आहे ते बघा

प्रश्न असा आहे: फझ फेससोबत वापरायला कुठलं वाह (पायाने दाबून गिटारचा आवाज ‘वा-वा’ करणारं पेडल) घ्यावं, क्राय बेबी की व्हॉक्स? या दोन पेडलांवर बरंच बोलून झालंय. पण प्रश्नात फझ फेसही आहे, म्हणजे आवाज फाटका, खरखरीत करणारं फझ पेडल, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. फझ फेसचा इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) फारच कमी असतो. साध्या वाहनंतर फझ थेट जोडला की वाहचा आउटपुट दबतो, स्वीप (पेडल दाबताना होणारा आवाजातला बदल) जवळपास नाहीसा होतो, कधी नुसती शिट्टी वाजते. पेडल बिघडलेलं नसतं, म्हणून बदलून आणूनही तेच होतं. एकतर गिटारमधून आधी फझ आणि मग वाह असं जोडा, नाहीतर आउटपुट बफर (पुढच्या पेडलचा भार वाहवर येऊ न देणारं सर्किट) असलेलं वाह घ्या.

जुनं पेडल मिळत असेल तर जरूर बघा. टाच ते पंजा अगदी सावकाश दाबा. मध्येच खरखर आली तर पॉट (पेडलबरोबर फिरणारा, बदलता रेझिस्टर) झिजलाय. नवा घेताना वाहसाठीचाच १०० किलोओहमचा घ्या, साध्या पॉटचा टेपर (फिरवताना रोध बदलण्याची चाल) वेगळा असल्याने स्वीप एका टोकाला गोळा होतो. चालू करायला पाय आपटावा लागत असेल तर घाबरू नका, पंज्याखालच्या स्विचचा नट थोडा फिरवून उंची जुळवता येते.

आणि क्राय बेबीच्या जीसीबी-९५ मॉडेलचा आवाज पुरेसा ‘बोलत’ नाही वाटला, तर आतल्या इंडक्टरला (तारेच्या गुंडाळीला) समांतर असलेला ३३ किलोओहमचा रेझिस्टर काढून ४७ किंवा ६८ चा लावून ऐका. ‘वा’ लगेच उघडतो.