ज्युडिथला दारातून का हलवलं?

शिल्पकार दोनातेल्लोची ज्युडिथ, म्हणजे शत्रूचा सेनापती होलोफर्नेसला मारणाऱ्या बायबलकथेतल्या स्त्रीची मूर्ती, फ्लॉरेन्सच्या नगरसभेच्या दारातून हलवली ती केवळ मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा सरस ठरला म्हणून, असं एक मत आहे. ते पूर्ण पटत नाही. डेव्हिड कुठे ठेवावा यावर २५ जानेवारी १५०४ ला जी बैठक झाली, तिची नोंद उपलब्ध आहे. लिओनार्दो, बोत्तिचेल्ली असे दिग्गज होते, पण पहिला बोलला तो नगरसभेचा अधिकारी फ्रांचेस्को फिलारेते. त्याचं म्हणणं, ज्युडिथ हे मृत्यूचं चिन्ह आहे, बाईने पुरुषाला मारावं हे शोभत नाही, आणि ती अशुभ ग्रहयोगावर बसवल्यापासून शहराची अधोगती झाली, फ्लॉरेन्सच्या ताब्यातलं पिसा शहर हातचं गेलं. खरं तर पिसा गेलं १४९४ मध्ये, आणि फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या वाड्यातून ज्युडिथ इथे आणली १४९५ मध्ये! म्हणजे खापर नाहक तिच्या माथी. बैठकीच्याच वर्षी, १५०४ मध्ये, डेव्हिड तिच्या जागी उभा राहिला.

मला वाटतं, ज्युडिथची जी ताकद होती नेमकी तीच फिलारेतेसारख्यांना खुपली. डाव्या मुठीत होलोफर्नेसचे केस, पाय त्याच्या मनगटावर, उजव्या हातात उगारलेली तलवार. चेहऱ्यावर मात्र राग नाही, नजर कुठेतरी दूर. मूळ ब्राँझ आता पालाझ्झो वेक्कियोत, म्हणजे त्याच नगरसभेच्या इमारतीत, आत ठेवलंय, बाहेर चौकात आहे ती प्रतिकृती. फ्लॉरेन्सला जाणाऱ्यांनी चौकातूनच परत फिरू नये, आत जाऊन मूळ मूर्ती जरूर बघावी.