मदत हवी आहे: घड्याळ एएफ दाखवतंय, होल्टर नॉर्मल. रक्त पातळ करायची गोळी सुरू करावी का?

मुग्धा_र
वडिलांच्या स्मार्ट घड्याळावर सारखी 'एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता' (एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय) अशी सूचना येतेय. ईसीजी काढला, नॉर्मल. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) लावला, तोही नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात रक्त पातळ करायची अपिक्साबॅन गोळी सुरू करा, दुसरे म्हणतात घड्याळ काढून ठेवा. अ‍ॅस्पिरिन ७५ चालूच आहे, म्हणजे रक्त पातळ आहेच ना? कोणाचं ऐकायचं? 'डॉक्टरांना विचारा' नको, दोघांना विचारून झालंय.

ईसीजी_वाचक
वय किती? बीपी, मधुमेह, आधी कधी पक्षाघात? आणि घड्याळात नुसती सूचना आहे की ३० सेकंदांचा ईसीजी पट्टाही काढलाय? सूचना मनगटावरच्या प्रकाशाने नाडी मोजून येते. ठोके अनियमित आहेत एवढंच तिला कळतं, आणि वरच्या कप्प्यातून अधूनमधून येणारे जादा ठोकेही तिला तसेच दिसतात. दुसऱ्या हाताचं बोट टेकवून काढलेला पट्टा मात्र खरा ईसीजी असतो, एकाच लीडचा. त्यात ठोक्यांमधलं अंतर कुठल्याही हिशेबाशिवाय बदलत असेल आणि पी लहर (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) दिसत नसेल, तर डॉक्टरांनी वाचलेला ३० सेकंदांचा तो पट्टा निदानाला पुरतो.

होल्टर लावला होता त्या २४ तासांत एकदाही सूचना आली होती का? नसेल, तर एएफ त्या दिवशी नव्हता, इतकाच त्या अहवालाचा अर्थ.

निसर्गस्नेही
आधी मॅग्नेशियम द्या. रोज ४०० मि.ग्रॅ. ठोके चुकण्याचं मूळ बहुतेक वेळा तेच असतं, उगाच रक्त पातळ करत बसू नका.

ईसीजी_वाचक
@निसर्गस्नेही, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम तपासायलाच हवं, पण कमी निघालं तर भरून काढायचं. मूत्रपिंड अशक्त असेल तर तेच मॅग्नेशियम साठून ठोके मंदावतात. आणि पक्षाघाताचा धोका त्याने कमी होत नाही. एएफमध्ये पक्षाघात करणारी गुठळी डाव्या वरच्या कप्प्याच्या पिशवीत धरते, तिथे मॅग्नेशियम काही करत नाही.

शांतनाडी
जलद ठोक्यांचा झटका आला की हे करा: अर्धवट बसवून १० मि.लि.च्या सिरिंजमध्ये, दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने, १५ सेकंद फुंकायला लावा. लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर १५ सेकंद धरा. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत ४३ टक्के रुग्णांची लय यानं जागेवर आली, नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के.

हृद्गत
@शांतनाडी, ती पद्धत एसव्हीटीची, म्हणजे जलद ठोक्यांच्या वेगळ्या प्रकाराची. तिथे विद्युत फेरा एव्ही नोडमधून (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत दुव्यातून) जातो, नोड क्षणभर अडला की फेरा तुटतो. एएफ वरच्या कप्प्यांत चालतो, नोड अडवून तो थांबत नाही. धागाकर्तीने हे विचारलेलंही नाही.

माझं मत: निदान पक्कं झालं की अ‍ॅब्लेशनचा (शिरेतून नळी घालून करायच्या उपचाराचा) विचार लवकर करा. फुफ्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी विद्युत बंध घातला जातो. वर्षानुवर्षं थांबलं की वरचा कप्पा ताणला जातो आणि यश घटतं. २०२० च्या ईस्ट चाचणीतही लय लवकर सांभाळलेल्यांना फायदा दिसला.

ईसीजी_वाचक
लवकर लय सांभाळणं मान्य. पण ईस्टमध्ये बहुतेकांना औषधंच दिली होती, अ‍ॅब्लेशन थोड्यांचं झालं. शिवाय अ‍ॅब्लेशननंतरही किमान दोन महिने रक्त पातळ करायची गोळी लागतेच, पुढे पक्षाघाताच्या जोखमीचे गुण पाहून ठरतं. इथे निदानच व्हायचंय, थेट कॅथलॅबमध्ये कशाला नेताय?

मुग्धा_र
वय ६८. बीपीला टेल्मिसार्टन ४०. मधुमेह नाही, पक्षाघात नाही, स्टेंट वगैरे काही नाही. वजन ५८, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१. पट्टा एकच आहे, त्यावर 'निष्कर्ष नाही' आणि ठोके १२८. होल्टरच्या दिवशी सूचना नव्हती. बाकी काही नाही. आता सांगाल का?

ईसीजी_वाचक
'निष्कर्ष नाही' म्हणजे 'नॉर्मल' नव्हे. ठोके जलद असले की घड्याळ बरेचदा हात टेकतं, माणूस तो पट्टा वाचू शकतो. त्याची पीडीएफ काढून हृदयतज्ज्ञांना दाखवा, सूचनेचा स्क्रीनशॉट नको. त्यात स्पष्ट नसेल तर छातीला चिकटवायचा १४ दिवसांचा पॅच मॉनिटर लावायला सांगा.

पक्षाघाताच्या जोखमीचे गुण: ६५ ते ७४ वयाचा १, बीपीचा १, एकूण २. पुरुषाला एवढ्यावर, एएफ सिद्ध असेल तर, गोळी द्यावी असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेत नाही. ते प्लेटलेट्सवर काम करतं. संथ रक्तात फायब्रिनची गुठळी होते तिला ते फारसं रोखत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र वाढवतं. स्टेंट नाही, तर अपिक्साबॅनसोबत अ‍ॅस्पिरिन कशासाठी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि वजन ५८ म्हणून कोणी २.५ मि.ग्रॅ. लिहून दिलं तर थांबवा. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन गोष्टी असतील तरच डोस निम्मा होतो. इथे एकच आहे, म्हणून ५ मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. गरज नसताना निम्मा केलेला डोस पक्षाघातापासून पुरतं संरक्षण देत नाही.

अनुस्वार
'बाकी काही नाही' म्हणजे? सगळ्या गोळ्यांची यादी द्या. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कधी केलं?

मुग्धा_र
थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन १२५ आहे, पण ती खूप वर्षांपासून चालू आहे. मागच्या तपासणीत टीएसएच ०.०४ आलं, पुढे 'कमी' असं छापलंय. हृदयाशी त्याचा काय संबंध?

अनुस्वार
थेट संबंध! टीएसएच ०.०४ म्हणजे थायरॉक्सिन गरजेपेक्षा जास्त पडतंय. त्याने वरच्या कप्प्याच्या पेशी लवकर पुन्हा उद्दीपित होतात, आणि एएफला तेवढं पुरतं. १९९४ च्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात साठीपुढे टीएसएच ०.१ किंवा कमी असलेल्यांत दहा वर्षांत एएफ सुमारे तिप्पट आढळला. गोळी जुनी असली तरी वयानुसार आणि वजन घटल्यावर गरज कमी होते. केसांसाठी बायोटिन घेत असतील तर ते किमान दोन दिवस बंद ठेवून टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) पुन्हा करा. बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी येऊ शकतं.

आणि कोणी लय सांभाळायला अमिओडॅरोन सुचवलं तर थायरॉइडचं आधी सांगा. २०० मि.ग्रॅ.च्या गोळीत सुमारे ७५ मि.ग्रॅ. आयोडीन असतं.

रानवारा
अवांतर: एएफमध्ये घरचं बीपी मशीन वेगवेगळे आकडे दाखवतं, कारण प्रत्येक ठोक्याला हृदयात रक्त कमीजास्त भरतं. लागोपाठ तीनदा मोजून सरासरी घ्या. नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका.

मुग्धा_र
मग थायरॉक्सिन आजपासून बंद करू का? आणि टीएसएच सुधारेपर्यंत अपिक्साबॅन थांबवलं तर चालेल?

अनुस्वार
बंद अजिबात नको. डोस कमी करायचा, तोही डॉक्टरांनी. टी४ चा, म्हणजे थायरॉक्सिनचा, अर्धायुकाल सुमारे ७ दिवस, म्हणून डोस बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी बघतात, त्याआधीचा आकडा फसवा. पण तेवढे दिवस गुठळी थांबत नाही. एएफ पट्ट्यावर सिद्ध झाला तर अपिक्साबॅन टीएसएचची वाट पाहत थांबवू नये. ठोके जलद राहिले तर ते मंदावणारं औषध, बीटा ब्लॉकर, लागेल, दमा असेल तर आधी सांगा.

थायरॉक्सिन सुरू का झालं होतं? थायरॉइड ग्रंथी मंदावली म्हणून, की काढली म्हणून?

मुग्धा_र
काढली होती. गाठ होती, कर्करोग निघाला.

अनुस्वार
मग कर्करोग परतू नये म्हणून टीएसएच मुद्दाम दाबून ठेवलेलं असू शकतं, आणि हृदयतज्ज्ञांनी परस्पर डोस कमी करणं बरोबर होणार नाही. त्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल आणि अलीकडचं थायरोग्लोब्युलिन (कर्करोग परतला का ते पाहायची रक्ततपासणी) घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (संप्रेरकतज्ज्ञांकडे) जा. कमी जोखमीचा कर्करोग असेल आणि पुन्हा उद्भवला नसेल, तर टीएसएच ०.५ ते २ मध्ये ठेवणं चालतं, एवढं दाबायची गरज उरत नाही. घड्याळाच्या पट्ट्याची पीडीएफ त्यांनाही दाखवा. लक्ष्य ठरवताना एएफचा धोका त्यांना धरावाच लागेल.