शब्दचर्चा : कॉम्प्लेक्स टाइपला मराठीत काय म्हणाल?

ऑफिसातल्या नव्या पोरांसाठी एक्सएमएल स्कीमावर (एक्सएमएल फायलीत कुठली माहिती कशी लिहायची याच्या नियमांवर) मराठीत नोट्स लिहितोय. सिंपल टाइपला 'साधा प्रकार' लिहून मोकळा झालो, कॉम्प्लेक्सपाशी गाडी अडलीये. कोशात जटिल, क्लिष्ट, गुंतागुंतीचा असलं काय काय मिळतं पण ते वाचून पोरं आधीच धसका घेतील. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद १
जटिल अजिबात नको, अर्थच बदलतो. सोपं-अवघड असा प्रश्नच नाहीये इथे. एलिमेंटच्या (म्हणजे टॅगांच्या जोडीत बसलेल्या तुकड्याच्या) पोटात नुसता मजकूर असेल, ना दुसरा एलिमेंट ना अ‍ॅट्रिब्यूट, तर तो सिंपल; अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे सुरुवातीच्या टॅगमध्येच लिहिलेली जास्तीची माहिती. म्हणजे <नाव>लक्ष्मी</नाव> सिंपल, आणि <नाव भाषा="मराठी">लक्ष्मी</नाव> केलं की लगेच कॉम्प्लेक्स, आतला मजकूर तोच असला तरी. उलट सिंपल टाइप लिहिताना घाम फुटतो कधीकधी, पॅटर्न (अक्षरांचा साचा) लावा, एन्युमरेशन (चालणाऱ्या मूल्यांची यादी) लावा, दोन-तीन प्रकारांचं युनियन (त्यातला कुठलाही चालेल असं) करा, एवढं करूनही तो सिंपलच!

प्रतिसाद २
मराठी व्याकरणात आहेत की तयार शब्द. केवल वाक्य, मिश्र वाक्य. तसं केवल प्रकार आणि मिश्र प्रकार. शाळेत सगळ्यांनीच घोकलंय.

प्रतिसाद १
'केवल' झकास आहे, पण 'मिश्र' आधीच बुक आहे हो. कॉम्प्लेक्स टाइपला मिक्स्ड नावाचा एक अ‍ॅट्रिब्यूट असतो, तो ट्रू केला की मजकूर आणि पोटातले एलिमेंट एकत्र चालतात, परिच्छेदात मधेच एखादा शब्द ठळक असतो तसं. मग त्याला काय 'मिश्र मिश्र प्रकार' म्हणायचं? 'संमिश्र'चंही तेच, संमिश्र संख्या ऐकायला बरं वाटतं पण इथे गोंधळ होणार.

प्रतिसाद ३
व्यामिश्र म्हणा आणि समीक्षकांना द्या वाचायला 😄

धागाकर्ता
मग 'संयुक्त'? सिक्वेन्स (एलिमेंट ठरलेल्या क्रमाने), चॉइस (त्यातला एक), ऑल (कुठल्याही क्रमाने) या तिन्हीत काहीतरी जोडलेलंच असतं. पण वरच्या भाषावाल्या नावाचं काय, तिथे कॉम्प्लेक्स टाइपच्या आत सिंपल कंटेंट लिहून त्यात एक्स्टेन्शन (आधीच्या प्रकारात भर) द्यावं लागतं, म्हणजे 'साधा आशय असलेला संयुक्त प्रकार'. जरा विचित्र वाटतं, नाही का?

प्रतिसाद १
इंग्रजीतही ते तितकंच विचित्र आहे. राहू द्या. मजकूर साधा, पण त्याला अ‍ॅट्रिब्यूट जोडलाय म्हणून संयुक्त, असं एका ओळीत सांगितलं की कळतं.

प्रतिसाद ४
थोडं अवांतर, पण मराठी डेटा असेल तर नोट्समध्ये टाकाच. मॅक्सलेंग्थ (कमाल लांबीचं बंधन) आपली अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजते. 'लक्ष्मी' आपल्याला दोन अक्षरी दिसते पण ल, क, हलन्त, ष, हलन्त, म आणि दीर्घ वेलांटी अशी सात होतात, मर्यादा ५ ठेवलीत तर लक्ष्मी बाहेर! दुसरं म्हणजे स्कीमाच्या पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे युनिकोडमधला कुठलाही दशमान अंक, त्यामुळे पिनकोड देवनागरीत ४११०३० लिहिला तरी पास, आणि तोच इंटिजर (पूर्णांक) म्हणून दिला तर नापास. जावास्क्रिप्टची सवय असलेले इथे हमखास फसतात कारण तिथे बॅकस्लॅश-डी म्हणजे फक्त इंग्रजी अंक. आणि हो, पॅटर्न पूर्ण मूल्यालाच लागतो, सुरुवात-शेवटाच्या खुणा घालत बसायचं नाही.

धागाकर्ता
हे भारीच, टाकतो. तर केवल आणि संयुक्त फायनल. फॅसेटला (मॅक्सलेंग्थ, पॅटर्न असली बंधनं) 'पैलू' घेतलाय. बेस टाइपला (ज्यावरून नवा प्रकार बनवतात तो) 'मूळ प्रकार' चालेल ना?

प्रतिसाद २
नको, 'मूळ' प्रिमिटिव्हसाठी (दुसऱ्या कशावरून न बनवलेल्या प्रकारांसाठी) ठेवा. स्ट्रिंग, डेसिमल, डेट वगैरे १९ आहेत ते, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २००१ च्या शिफारशीपासून. बेसला 'आधार प्रकार' करा, कारण तुम्हीच केलेला एखादा प्रकारही बेस म्हणून वापरता येतो, तो कुठे मूळ असतो?