सीझनभर शरीर कसं बदलतं? सोलापूरच्या ट्रायथलीटांनो, अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. गोव्याची हाफ आयर्नमॅन (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी धावणं) पावसाळा सरता सरता येते, म्हणजे आपला पाया घातला जातो तो सोलापूरच्या उन्हाळ्यात. या काळात दम, चरबी, भूक, झोप यांत काय काय बदललं ते लिहा. नुसता वजनाचा आकडा नको. आपल्यात चर्चा त्याचीच होते आणि कळतं त्यातून फार थोडं.

माझंच सांगते. एप्रिलमध्ये तुळजापूर रोडची लाँग राईड करून आलं की काटा दीड-दोन किलो कमी दाखवतो. ते सगळं पाणी, संध्याकाळपर्यंत भरून येतं. खरा फरक पल्समध्ये दिसतो. दोनेक आठवडे उन्हात बेताबेतानं सराव झाला की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्याच वेगाला ठोके कमी पडतात.

हिप्परगेकर
जिममधल्या चरबी मोजायच्या मशीनचं काय करायचं? सकाळी एक, संध्याकाळी भलताच आकडा. ते मशीन शरीरातल्या पाण्यातून वीज सोडून अंदाज बांधतं, त्यामुळे पाणी कमी-जास्त झालं की आकडा हलतो. मी कमरेला टेप लावतो. जूननंतर वजन जवळपास तेच होतं, पट्टा मात्र दोन भोकं आत गेला.

विजापूर रोडची धावपटू
माझं ऑगस्टपर्यंत वजन झपाट्यानं उतरलं. "किती फिट दिसतेस गं!" असं जो तो म्हणायचा. इकडे पाय जड, धावण्याचा वेग घटलेला, झोप उडालेली, आणि पाळी बंद. डॉक्टरांनी समजावलं, की व्यायामाला लागते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही तर शरीर पाळीसारखी कामं थांबवतं, पुढे हाडंही कमकुवत होतात. याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये हे नाव पुढे आणलं, आणि हा त्रास पुरुषांनाही होतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) केलं, तेही कमी निघालं. मग औषधं, सरावाआधी केळं, आल्यावर अंडी, दुपारी पोटभर भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी. वजन वाढलं, काही महिन्यांनी पाळी आली आणि धावणं आधीपेक्षा सुधारलं. बायांनो, पाळी थांबली तर "सरावामुळे होतं" म्हणून गप्प बसू नका.

टेपरवाला
स्पर्धेच्या आठवड्यात वजन वाढलं म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (भात-भाकरीतल्या पिठूळ अन्नाचा शरीरातला साठा) साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं. भात खा.

पार्क मैदानाचे काका
हुरड्याच्या दिवसांपासून गड्डा यात्रा संपेपर्यंत मी सराव जवळजवळ बंद ठेवतो. पहिल्या दोन आठवड्यांतच दम उतरतो, कारण रक्तातला तोच द्रव आधी कमी होतो. स्नायू त्यामानानं टिकतात. माझ्या वयाला मात्र तेही आपसूक टिकत नाहीत, म्हणून या काळातही आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो. त्यानं फेब्रुवारीत सायकल लवकर रुळावर येते. पोहण्याला जास्त वेळ लागतो, हात पाणी धरत नाहीत.

ताई, तुमचं वाचून आत्ताच लेकीला फोन केला. तीही पळते, आणि हल्ली फार कमी जेवते. उद्याच फेरिटिन तपासायला घेऊन जातो.