अमारोक 3 टाकलं आणि दशावताराच्या फायलींची नावंच गेली, काय करू?

माडाखालचा पेंग्विन

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीतून लिहितोय. घरचा लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमवाला, त्यावर लिनक्सचं मिंट 19 आणि गाणी वाजवायचं अमारोक 2.9 अशी जोडी बरीच वर्षं गुण्यागोविंदाने चालली होती. गेल्या महिन्यात हार्डडिस्क कुरकुर करायला लागली म्हणून ती काढून एसएसडी घातली आणि मिंट 22 टाकलं. सॉफ्टवेअर मॅनेजरच्या नेहमीच्या यादीत अमारोक नाही, मग फ्लॅटपॅक नावाच्या दुसऱ्या वाटेने नवं 3 वालं घेतलं (पाऊस जरा उघडला की टॉवर येतो, त्यात दोन रात्री गेल्या डाऊनलोडला).

आता खरी गोष्ट. आमच्या आण्णांनी जत्रांमधे टेपरेकॉर्डर घेऊन बसून दशावतार आणि डबलबारी भजनं रेकॉर्ड केलेली, कॅसेटना पांढरी बुरशी यायला लागली तेव्हा मी ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे घेऊन सगळ्याच्या एमपी3 केल्या, 1400 च्या आसपास फायली आहेत, बाहेरच्या डिस्कवर. थोड्या फायली आधीच कुणीतरी सायबर कॅफेत करून दिलेल्या. जुन्या अमारोकमधे बसून मी दोन पावसाळे एकेकाचं नाव नीट केलं होतं, कुठलं आख्यान, कुठली जत्रा, पेटीवर कोण, पखवाजावर कोण. नव्यात उघडलं तर काहींना नुसती प्रश्नचिन्हं आणि काहींना इंग्रजी अक्षरांचा काला. नवीन व्हर्जनला मराठी कळत नाही का? गणपतीला तीन आठवडे राहिलेत, परत जुन्यावर जाऊ का?

घाटावरचा पण मनाने मालवणी

जुन्यावर जायचा नाद सोड, मिंट 19 चा सपोर्ट 2023 लाच संपला.

व्हर्जनचं म्हणशील तर 2.9 आलं 2018 ला, त्यानंतर एवढा गॅप पडला की मधल्या काळात उबुंटूने (तुझं मिंट त्याच्यावरच बांधलेलं) क्यूटी 4 ही प्रोग्रॅम बांधायची जुनी लायब्ररी काढून टाकली आणि तिच्यावर उभं असलेलं अमारोक पण यादीतून गेलं. मग 29 एप्रिल 2024 ला 3.0 आलं, क्यूटी 5 वर आणलेलं. नाव ठेवलंय कास्टअवे, म्हंजे गलबत फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस, तुमच्या बाजूला शोभेल असंच आहे. उबुंटू 24.04 त्याच्या चारच दिवस आधी बाहेर पडलं म्हणून तुझ्या मिंटमधे ते नाही. मराठीचा आणि याचा काही संबंध नाही, युनिकोड व्यवस्थित दिसतं, माझ्याकडे भीमसेन जोशींचे सगळे अभंग देवनागरीत आहेत.

रापणकार

अरे मेल्या तू स्ट्रॉबेरी प्लेअर टाक आणि गप रव. माका पण असाच झाला होता. 2008 च्या शेवटाक अमारोक 2 इला तेव्हा लोकांनी डोक्याक हात लावले, जुना 1.4 आवडणाऱ्यांनी त्याच्यातसून क्लेमेंटाईन काढला, आणि क्लेमेंटाईन थंडावला तेव्हा त्याच्यातसून स्ट्रॉबेरी. तुझ्या मिंटात सरळ गावतला, फ्लॅटपॅक नको न काय नको. 4 जीबीत हलका चलता. मंडपात तर एकच बटण महत्त्वाचा, चालू गाणा संपला की थांब. नायतर आरती संपता आणि पाठोपाठ दशावतारातलो संकासुर सुरू. आमच्याकडे झालेला हा, भटजी अजून बोलून दाखयतत.

माडाखालचा पेंग्विन

रापणकारानू, स्ट्रॉबेरी पण टाकून बघितलं. तिथे पण तीच प्रश्नचिन्हं.

सुरंगी

मग प्लेअर निर्दोष आहे, फायलींमधेच गडबड आहे.

प्रश्नचिन्हं दिसतात तिथे कुणीतरी कधीतरी मराठी न झेपणाऱ्या सॉफ्टवेअरमधून टॅग (फाईलच्या आत लिहिलेली नावाची माहिती) सेव्ह केला, अक्षरं त्याच वेळी मेली, आता कुठल्याही प्लेअरमधे ती परत येणार नाहीत. इंग्रजी अक्षरांचा काला आहे तो बहुतेक सायबर कॅफेवाला, जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टात टाईप केलेलं. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट होता म्हणून त्याला मराठी दिसायचं. ते फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमधे येतं, पण फॉन्ट नेमका कुठला ते ओळखावं लागतं.

आता तुझे दोन पावसाळे. जुन्या अमारोकच्या सेटिंगमधे मेटाडेटा (म्हंजे हीच टॅगची माहिती) फाईलमधे लिहा अशा अर्थाची एक खूण असते. ती काढून टाकलेली असेल तर तू केलेली दुरुस्ती फक्त अमारोकच्या स्वतःच्या डेटाबेसमधे जाते, एमपी3 ला त्याचा पत्ताच नसतो. माझी पैज आहे तुझं हेच झालंय. तो डेटाबेस जुन्या होम फोल्डरमधे डॉट केडीई नावाच्या लपलेल्या फोल्डरमधे असतो. काढलेली हार्डडिस्क कुठे आहे? फॉरमॅट केलीस का?

माडाखालचा पेंग्विन

नाही नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलीय, दमट हवेला म्हणून. खूण मीच काढली होती बहुतेक, डिस्क सारखी घरघरायची म्हणून. देवा.

सुरंगी

तांदळाच्या डब्याला नमस्कार. आता घाई करू नकोस, क्रमाने जा.

आधी 1400 फायलींची दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवर आहे तशी कॉपी काढ आणि ती बाजूला ठेवून दे. मग जुनी हार्डडिस्क यूएसबी केसमधे घाल, लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूतून ती निवड, जुनं मिंट आणि जुनं अमारोक आहे तसं उघडेल. कुरकुरणारी डिस्क आहे, तर त्यावर इकडेतिकडे फिरू नकोस आणि नेटला पण जोडू नकोस. सगळी गाणी निवडून ऑर्गनाईज फाईल्स दे, साच्यात जत्रा, आख्यान, नाव असं जे हवं ते लाव. ते डेटाबेसमधली नावं घेऊन फोल्डर आणि फायलींची नावं बनवतं. म्हंजे तुझी मेहनत निदान फाईलच्या नावात उतरली. आधी दहा फायलींवर करून बघ. प्लेलिस्ट असतील त्या पण एक्स्पोर्ट कर, पण आत जुना रस्ता लिहिलेला असणार, तो टेक्स्ट एडिटरात बदलावा लागेल.

मग नव्या मिंटवर किड3 टाक. तो फाईलच्या नावावरून टॅग भरतो, एका झटक्यात शेकडो. हे झालं की अमारोक वापर नाहीतर स्ट्रॉबेरी, दोन्हीकडे नावं सारखीच दिसतील. फ्लॅटपॅकला बाहेरची डिस्क दिसली नाही तर फ्लॅटसील नावाच्या प्रोग्रॅममधून परवानगी द्यायची.

रापणकार

सुरंगी बाय, तू आमच्या मंडळाचो हिशोब बघूक येशीत काय?

माडाखालचा पेंग्विन

अपडेट. काल रात्री लाईट होती तेवढ्यात केलं. जुनी डिस्क तिसऱ्या वेळी उठली. दहावर ट्रायल, मग सगळं. साधारण 1370 फायली नावासकट आल्या, प्रश्नचिन्हवाल्या पण, कारण त्यांची नावं मी तेव्हाच घातली होती. तीसेक राहिल्या त्या मी कधी नीटच केल्या नव्हत्या, त्यासाठी आण्णांना शेजारी बसवून एकेक लावतोय. पाच सेकंद ऐकतात आणि सांगतात, हा मातोंडच्या जत्रेचा, पखवाज ओळख. एकीत मधेच कुणीतरी खाज्याचा भाव विचारतंय, ती तशीच ठेवली.

अमारोक 3 च ठेवतोय, सवय आहे. एकच राहिलं, काही कॅसेटचा आवाज एकदम बारीक आणि काहींचा कर्णा फुटेल असा, मंडपात सारखं कोण उठणार?

घाटावरचा पण मनाने मालवणी

रिप्लेगेन. फायली स्कॅन करून आवाजाची पातळी टॅगमधे लिहिली की प्लेअर वाजवताना आपोआप जुळवून घेतो, मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. अमारोकच्या सेटिंगमधे ट्रॅकवर लाव, अल्बमवर नको. आणि या वेळी मेटाडेटावाली ती खूण चालू आहे का ते बघ.