मदत हवी आहे: एका खोलीला रंग किती लिटर? पेंटर १० म्हणतो, माझ्या हिशोबानं ४

नमस्कार मंडळी. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. दिवाळीच्या आत निदान पुढची खोली तरी रंगवून घ्यायची, असं ठरलंय. पेंटर आला, दारात उभं राहून मान वर करून एकदा खोली बघितली आणि म्हणाला, "वैनी, धा लिटरची बादली आणा." टेप नाही, कागद नाही. मला काही ते पटेना, म्हणून मीच मापं घ्यायला बसले.

पहिल्यांदा शिवणाची टेप घेतली. ती पाच फुटांची. दर पाच फुटांवर पेन्सिलीची खूण करायची, आणि एक खूण नेमकी कपाटामागं गेली. सासूबाई म्हणाल्या, "खोली मोजतीयस का परकर बेततीयस?" शेवटी शेजारून स्टीलची टेप आणली.

लांबी १२ फूट ६ इंच, रुंदी १० फूट ९ इंच, उंची १० फूट ६ इंच. दोन दारं (साडेसहा बाय तीन), एक खिडकी (चार बाय चार).

१२.६ + १०.९ = २३.५, दुप्पट ४७, गुणिले १०.६ म्हणजे ४९८. दारं-खिडकीचे ५५ वजा करून ४४३ चौरस फूट. इमल्शनच्या डब्यावर लिटरला १२० ते १४० चौरस फूट छापलंय. म्हणजे फार तर पावणेचार लिटर. मग वरचे सहा लिटर जाणार कुठं?

आणखी एक. मागच्या अखंड भिंतीला (रुंदीकडची) खालच्या तीन फुटांत सारखे पोपडे येतात. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या घरातही आलं होतं, तेव्हापासूनचं हे दुखणं. तिथं रंग जास्त लागेल का?

मिरजवाला
ताई, ६ इंच म्हणजे .६ नव्हे, .५. आणि ९ इंच म्हणजे .७५. फुटात इंच बारा असतात, दहा नाही! नीट केलं तर ४६.५ × १०.५ = ४८८, वजा ५५, म्हणजे ४३३. तुमची चूक दहाच फुटांची आहे, ती सोडा. खरी मेख डब्यावर आहे. तो आकडा एका हाताचा (एका थराचा), तोही गुळगुळीत भिंतीवरचा. तुम्ही दोन हात मारणार, म्हणजे ८६६. जुन्या घराच्या भिंतीला मी ११५ च्या वर धरत नाही. साडेसात लिटर झाले. ४ चे दोन डबे घ्या. कोनाडे असतील तर त्यांच्या आतल्या बाजूही मोजा, लोक विसरतात.

कृष्णाकाठ
पेंटरनं स्लॅब धरलाय का, ते विचारलंत का? १२.५ × १०.७५ म्हणजे १३४. भिंती मिळवून ५६७, दोन हातांचे ११३४, भागिले ११५. पावणेदहाच्या पुढं जातं. मान वर करून बघितलं म्हणालात की तुम्हीच!

मागच्या भिंतीवर मात्र आत्ता पैसे घालू नका. विटांत मुरलेला खार ओलीबरोबर बाहेर येतो आणि पुट्टीसकट रंग ढकलून देतो. रंग जास्त लावून तो थांबत नाही. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला बंद करा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल अजून आत आहे. खालचा गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा, उन्हाळाभर वाळू द्या.

मूळ प्रश्नकर्ती
पेंटरमामांना विचारलं. "मग स्लॅब काय तसाच ठेवता व्हय?" म्हणाले. स्लॅब पांढराच ठेवायचाय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, चूक माझीच.

प्लॅस्टिक परवा लावलं होतं. आज सकाळी आतून थेंबच थेंब. म्हणजे ती भिंत आत्ता नाही. तिचे ११३ वजा केले तर ३२० उरतात, दोन हातांना ५.६ लिटर. ४ चा एक आणि १ चे दोन आणते. स्लॅबचे दोन हातांचे २६८ होतात, त्याला पांढरा १ चे तीन डबे. बरोबर ना? पण उन्हाळ्यात चौथ्या भिंतीला तोच शेड नव्यानं काढला तर फरक दिसेल का?

मिरजवाला
बरोबर आहे. शेडचा नंबर झाकणावरून वहीत उतरवून ठेवा, झाकणं हरवतात. उन्नीस-बीस फरक पडला तरी रंग कोपऱ्यात तोडायचा, भिंतीच्या मध्ये जोड नको. कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर उजेड वेगळा पडतो, त्यात फरक लपतो. आणि मशीनवर शेड काढलेला डबा दुकानदार परत घेत नाही, म्हणून १ चा दुसरा डबा आत्ताच काढू नका. पहिले पाच लिटर संपत आले की माणूस पाठवा.